अकरावा खिसा

२ नोव्हेंबर, रविवार

पोचलो एकदाचे. सामानाचा टेम्पो दुपारी दोनला आला आणि पाचपर्यंत बाबांनी शिलाई मशीन खिडकीशी लावून घेतलंसुद्धा. बाकी खोकी तशीच पडली आहेत. स्वयंपाकघरात चहाचं भांडं सापडेना, तर बाबा म्हणाले, मशीन सापडलं ना, मग घर लागलं म्हणायचं. टेलरिंगचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण माणूस अजून मापातच बोलतो.

जागा मला फार आवडली. शहराला पाणी पुरवणारं हे केंद्र, त्याच्या आवारात प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या. नोकरी म्हणजे जिना उतरणं. गॅलरीतून खाली मोठी गोल उघडी टाकी दिसते. नदीचं पाणी आधी तिच्यात येतं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं नितळ पाणी पुढे गाळण्यांकडे जातं. टाकीला लोखंडी कठडा आहे, आत उतरायला लोखंडी शिडी आहे. पाणी इतकं संथ, की त्यात ढग सरकताना दिसतात.

पंप चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणायला लागले. पन्नाशीचे, बुटके, आणि बोलणं कसं, तर एका प्रश्नाला तीन उत्तरं. जड खोकी त्यांनीच वर चढवली. प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे मॅडम, सुट्टी असूनही भेटायला आल्या. माझ्या आधीची मुलगी ऑगस्टमध्ये अचानक राजीनामा देऊन गावी गेली, तेव्हापासून काम अडलंय म्हणाल्या.

बाबांना मूतखड्याचा त्रास आहे आणि पाणी प्या म्हटलं की ते औषध दिल्यासारखं तोंड करतात. आज दिवसभरात दोन ग्लास. पाण्याच्या केंद्रात राहायला आलोय, आता तरी लाज बाळगा, असं मी म्हणाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

कामाला लागले. शहरातल्या चाळीस नळांतून पाणी आणि पाइपच्या आतला बुळबुळीत थर खरवडून आणायचा, आणि त्यात काय काय राहतं ते शोधायचं. यातले बहुतेक जिवाणू काचेच्या बशीत वाढवायला गेलं तर वाढतच नाहीत. म्हणून आम्ही त्यांना वाढवतच नाही. थेंबातल्या सगळ्यांचा डीएनए एकदम काढायचा, तुकड्यातुकड्यांनी वाचायचा, आणि कोणता तुकडा कुणाचा ते कॉम्प्युटरला जुळवायला लावायचं. याला मेटाजीनोमिक्स म्हणतात.

बाबांना हे सांगितलं तर त्यांनी क्षणात ओळखलं. म्हणाले, "म्हणजे चिंध्यांचा गठ्ठा द्यायचा, आणि त्यातून कुणाकुणाचे कपडे होते ते सांगायचं." अगदी तेच. कॉलेजात आमच्या सरांना हे आम्हाला समजावायला एक अख्खं सत्र लागलं होतं.

आधीच्या मुलीने काम नेटकं ठेवलंय. एक जिवाणू तिला जवळजवळ प्रत्येक नळात सापडला होता. कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. क्लोरीनला तो दाद देत नाही. तिने वहीत त्याला ‘पाहुणी’ म्हटलंय. नाव छान आहे, मी तेच ठेवते.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाहुणीचे एकतीस जीनोम तयार झाले. एकच जात, पण एकतीस नळांतल्या एकतीस पाहुण्या, आणि त्या तंतोतंत सारख्या नाहीत. अशा सगळ्यांची जनुकं एकत्र मांडली की त्याला पॅनजीनोम म्हणतात. काही जनुकं सगळ्यांकडे असतात, काही थोड्यांकडेच. जेवताना बाबांना विचारलं, हे कपड्यांत कसं सांगाल. त्यांनी घास गिळून सांगितलं, की कॉलर आणि बाह्या सगळ्या शर्टांना असतात, खिसे मात्र कुणी लावतो, कुणी लावत नाही.

तर पाहुणीच्या खिशांची भानगड अशी. सगळ्या जीनोममध्ये एका ठराविक जागी काही जास्तीची जनुकं बसलेली आहेत. कुणाकडे पहिलं आणि दुसरं, कुणाकडे चौथं, कुणाकडे सहावं ते आठवं. सगळ्यांची मिळून दहा होतात, क्रम कधी चुकत नाही, पण दहाच्या दहा एकीकडेही नाहीत. आणि दहाव्यानंतरची कडा उसवल्यासारखी आहे. पुढे आणखी काहीतरी बसायला जागा ठेवलेली असावी तशी.

जूनमधल्या जुन्या नमुन्यांत एका पाहुणीकडे जास्तीत जास्त तीन खिसे होते. आता आठ आहेत. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात-घेतात, त्यात नवल काही नाही. पण पाच महिन्यांत एवढी देवाणघेवाण मी पाहिलेली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं उठलंय. प्रत्येक वेळी आम्ही एक कोरा नमुना ठेवतो, निर्जंतुक पाण्याचा. त्यात काही सापडता कामा नये. आज त्यात पाहुणी सापडली. म्हणजे ती नळातूनच येते असं नाही, आमच्यापैकी कुणाच्या तरी हातातोंडातून नमुन्यात पडत असणार. आठवड्याचं काम पाण्यात.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, सगळ्यांची लाळ तपासून टाक. कापसाच्या काड्या घेऊन मी फिरले. मॅडम, मामा, मी. बाबांनी स्वतःहून जबडा उघडला, म्हणाले, वर राहतो तर मी पण स्टाफच. फ्रीझरमध्ये आधीच्या मुलीची एक कुपी मिळाली, ‘मी, २१ ऑगस्ट’ असं लिहिलेली. तीही घेतली.

एक बरी गोष्ट. बाबा आपणहून पाणी प्यायला लागलेत. आज तीन बाटल्या. ताईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना. सुट्टी मिळाली की दोघी मुलींना घेऊन येते म्हणाली, डिसेंबरच्या सुरुवातीला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निकाल आले. शांतपणे लिहायचं ठरवलंय.

पाहुणी आम्हा सगळ्यांत आहे. मॅडमकडे सात खिसे, मामांकडे आठ, बाबांकडे पाच. आधीच्या मुलीच्या कुपीत दहा. दहाच्या दहा, नळात कुठेही नाहीत तसे, एकापुढे एक.

आणि मी. माझ्या पाहुणीकडे या दहांपैकी एकही नाही. तिच्याकडे एकच जास्तीचं जनुक आहे, आणि ते या शहरात कुठल्याच नमुन्यात नाही. मी ते दहाव्याच्या उसवलेल्या कडेला लावून पाहिलं. टाक्याला टाका बसला. म्हणजे अकरावा खिसा इथला नाहीच. तो माझ्याबरोबर टेम्पोतून आला.

पाच मिनिटं मला आनंद झाला होता, हे खरं लिहायला हवं. असा शोध जन्मात एकदा लागतो. मग मी मामांना विचारलं, ती मुलगी हल्ली कुठे असते.

मामा पंपघरात स्टुलावर बसले होते. या वेळी त्यांनी एकच उत्तर दिलं. गावी गेली नाही, म्हणाले. बावीस ऑगस्टला सकाळी टाकीत मिळाली. बुडाली म्हणता येणार नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर बसली होती, पाण्याखाली, दोन्ही हातांनी दांडा धरून. काढायला चार माणसं लागली, बोटं सोडवावी लागली. तोंड उघडं होतं. मॅडमनी सांगितलं होतं, वाच्यता नको, लोक पाणी पिणार नाहीत. सगळ्यात वाईट काय, ते मामांनी शेवटी सांगितलं. "तिचा चेहरा घाबरलेला नव्हता हो."

मी उठताना पाहिलं. बोलताना पूर्ण वेळ मामांचे दोन्ही पाय बादलीत होते. चपलांसकट.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नळाचं पाणी बंद केलंय. बाहेरून बंद बाटल्या आणते. त्या कुठे भरतात ते लेबलवर वाचलं, तर याच शहरात.

मॅडमकडे गेले. सगळं मांडलं, पाणीपुरवठा थांबवा म्हणाले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नियमाप्रमाणे पाणी शुद्ध आहे, कुणी आजारी नाही, एका मुलीच्या दुःखाचं भांडवल करू नये. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांची उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. टेबलावर थारोळं झालं होतं. त्यांनी ते बोटाने पसरवलं आणि बोट तोंडात घातलं. माझ्यादेखत. मला वाटतं, त्यांना कळलंही नाही.

बाबा मशीनवर बसतात, पण पाय पायडलवर नसतात. खाली परात ठेवलीय पाण्याची. विचारलं तर हसून म्हणाले, तळवे गरम होतात गं. ओठांना चिरा पडल्यात. आज किती बाटल्या झाल्या, ते मोजायचं मी सोडून दिलं.

ताईचा फोन आला होता. रंगकाम चाललंय, इतक्यात येऊ नकोस, असं खोटं सांगितलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मामा गेले.

सकाळचे दहा. लख्ख ऊन. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मामा कठड्याशी आले, चपला काढून नीट जोडीने ठेवल्या आणि शिडी उतरायला लागले. तळघरात काही आणायला जावं तसे. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, थांबले नाहीत. मी वरून हाका मारल्या. त्यांनी मान वर करून मला हात केला. नेहमी करायचे तसाच. मग डोकं आत गेलं.

मी धावत खाली गेले. कचरा काढायची आकड्याची काठी होती, ती त्यांच्या शर्टात अडकवून ओढली. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी दांडा धरला होता. माझ्याकडे बघत होते. मी ओढत होते आणि ते मान हलवून नको म्हणत होते, लहान मुलाला समजावतात तसं. मग त्यांनी तोंड उघडलं.

पोलीस म्हणाले, पाय घसरला.

मी गुपचूप त्यांच्या तोंडात काडी फिरवून घेतली होती, आणि नुसते खिसे मोजायला काही तास पुरतात. दहा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांकडे नऊ.

एक पिशवी भरली, त्यांना घेऊन बसस्टॉपवर गेले. ताईकडे जायचं, एवढंच सांगितलं. ते निमूट आले. बस सुटून दहा मिनिटं झाली असतील, बाबा रडायला लागले. मोठ्याने नाही. आई गेली तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते. ओठांतून रक्त येत होतं. बाटली दिली, त्यांनी ती रिकामी केली, दुसरी केली, तरी तेच म्हणत राहिले, की हे नाही गं, ते मागे राहिलं. मग ते उठून दाराकडे निघाले. चालत्या बसमधून उतरतील या भीतीने मीच बस थांबवली. आणि आम्ही परत वळलो.

वाटेत दवाखान्यात शिरलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. ऐकताना ते चार ग्लास पाणी प्यायले. मागे बेसिनचा नळ सोडलेलाच होता. मी म्हणाले, नळ चालू राहिलाय. ते म्हणाले, असू द्या, आवाज बरा वाटतो.

बाहेर बाकांवर पेशंट बसले होते. सगळ्यांच्या मांडीवर बाटल्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा नमुना पुन्हा लावला. तीनदा.

अकरा. सगळे खिसे. पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड, कुठेही सांधा दिसत नाही.

आणि मला तहान नाही. अजिबात नाही, याचीच भीती वाटते. बाकीच्यांना दहापर्यंत जे होतं ते मला होत नाहीये. मग अकरावा काय करतो?

संध्याकाळ—

कळलं बहुतेक. फोनमध्ये काल दुपारी चारचा कॉल आहे, ताईला. बावीस मिनिटं. मी केलेला नाही. मला आठवत नाही.

ताईला लावला. ती खुशीत होती. म्हणाली, किती गोड बोललीस काल, इतक्या वर्षांत असा आग्रह नाही केलास. मुलींचे कपडे जास्तीचे आण म्हणालीस, पाण्यात खेळायला. टाकीबद्दल सांगत होतीस. मी ओरडून म्हणाले, येऊ नकोस, इथे माणसं मरताहेत. ती हसली. "काल ये म्हणून रडत होतीस, आज नको म्हणून रडतेस. तुला एकटं ठेवायलाच नको. सोमवारी निघतोच आहोत."

फोनमध्ये आणखी कॉल आहेत. खाली सरकवत गेले. दवाखाना. मॅडम. दूधवाला. शाळा. न ओळखीचे नंबर. सगळे माझ्याकडून केलेले—

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून कठड्याभोवती माणसं आहेत. चाळीस असतील. मॅडम आहेत. डॉक्टर आहेत. दवाखान्यातल्या बाकावरची म्हातारी आहे. कुणी उतरत नाही.

मामा एकटे उतरले होते, ती मुलगीही एकटी. हे थांबलेत. पाण्याकडे बघतच नाहीत. वर बघताहेत, गॅलरीकडे.

माझ्याकडे.

मी पडदा ओढला. बाबा म्हणाले, असं करू नये, लोक ताटकळलेत.

दुपारी मागच्या जिन्याने पंपघरात गेले. शहराकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, निदान पाणी तरी थांबेल. मोठं चाक आहे. मामा म्हणाले होते, चाळीस फेरे. हात सोलले. मोठ्याने मोजत होते. एकवीस, बावीस, तेवीस. तेविसाव्याला पाइपातला आवाज ऐकला. वाढत होता. मी चाक उलटं फिरवत होते. पहिल्या फेऱ्यापासून.

मी उघडत होते.

३० नोव्हेंबर, रविवार

फोन टाकीत गेला. मी टाकला की बाबांनी—

ताईला कळवायला आता काही नाही. फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिले असते, गाडी अडवली असती. गेलेही. वाटेत माणसांनी रस्ता दिला, दोन्ही बाजूंनी. मी फाटकाशी न थांबता गोल फिरून कठड्याशी आले. दोनदा.

बाबांना म्हणाले, मला बांधा. त्यांनी जाड पट्टी काढली, मनगटं पलंगाला बांधली. गाठ पक्की होती, त्यांचा हात अजून तसाच आहे. डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी म्हणायचे तसं बाळ म्हणाले. मग कात्री आणली आणि ती पट्टी कापली. म्हणाले, उद्या पाहुणे यायचेत.

त्यांचा हात ओला होता. थंड. मी तो सोडला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

एक समजलंय. लिहीत असते तोवर बोलत नाही. हात चालू तर तोंड बंद. म्हणून सकाळपासून लिहितेय. काहीही. खिडकी. पडदा. परात. मशीन. सुई. पडदा. खिडकी.

चारशे तरी असतील खाली. आवाज नाही. खोकतसुद्धा नाही कुणी.

गाडी.

फाटकाशी गाडी थांबली. दारं उघडली. थोरली हसतेय. ताई विचारतेय, एवढी गर्दी कसली, काही कार्यक्रम आहे का. कुणीतरी तिला वाट करून देतंय.

बाबा दार उघडायला गेलेत. ताई मागे राहिली, बॅगा काढतेय. मुली पुढे—

जिन्यावर पावलं. दोन जोड्या.

मी सांगणार आहे. मागे फिरा, आईला घ्या, गाडीत बसा, थांबू नका. एवढंच बोलायचं. मनात पाठ केलंय. मागे फिरा. मागे फिरा. हात थांबवायचा नाही, लिहिता लिहिताच बोलायचं, म्हणजे—

मावशी म्हणताहेत.

दारात आहेत. धाकटीला धाप लागलीय, गाल लाल झालेत. माझ्याकडे बघताहेत, मी मान वर का करत नाही म्हणून.

मागे फिरा. मागे फिरा. मी तोंड उघडतेय.

ऐकू आलं मला माझं. किती गोड आवाज. मी म्हणाले, आलात का गं, चला, आधी पाणी